प्रमिलाबाईंचा डावा हात

प्रमिलाबाईंचा डावा हात चैत्रात रुसला आणि आषाढ लागला तरी त्याचा रुसवा निघेना. छातीपर्यंत तो निमूट यायचा. भाजी निवडायला, कणीक मळायला, मोबाईल धरायला त्याची ना नव्हती. पण त्याहून वर जायचं म्हटलं की खांद्यातून अशी कळ निघायची, की वरच्या फळीवरचा डबा राहायचा बाजूला आणि बाईंना भरदिवसा चांदण्या दिसायच्या. डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला, साखर तपासली आणि 'फ्रोजन शोल्डर' असं निदान सांगितलं. जळगावच्या उन्हाळ्यात माठातलं पाणीसुद्धा कोमट होतं, तिथे आपलाच खांदा तेवढा गोठावा, याचा प्रमिलाबाईंना दुखण्यापेक्षा जास्त राग आला. सुटेल हळूहळू, वर्षभर लागेल, असं डॉक्टर म्हणाले.

वर्षभर थांबायची सोय नव्हती. श्रावण येत होता, आणि श्रावणात कानबाई येते. नागपंचमीनंतरच्या रविवारी धुळ्याला, घरच्या बोलीत धुयाला, धाकटे दीर ज्ञानेश्वर यांच्या घरी, सगळे भाऊबंद जमतात. नारळाला डोळे आणि नथ लावून कानबाई बसवतात, पुरणाचा नैवेद्य होतो, गाणी होतात. आणि सोमवारी सकाळी घरातली थोरली सून कानबाईचा चौरंग डोक्यावर घेऊन पांझरा नदीच्या घाटावर विसर्जनाला निघते. चौरंगाला दोन्ही हात लावायचे, ही त्या घरची रीत. एका हाताने धरलेला चौरंग आजवर कुणी पाहिला नव्हता आणि पाहायची कुणाची तयारीही नव्हती.

एकतीस वर्षं तो चौरंग प्रमिलाबाईंच्या डोक्यावर होता. उरलेलं सगळं वर्ष त्या कुणाच्या तरी मागे चालायच्या. सासूच्या मागे, नवऱ्याच्या मागे, मुलाच्या शाळेच्या बसमागे. त्या एका सकाळी मात्र सगळं घर त्यांच्या मागून चालायचं. घर ते घाट हा अर्धा तास त्यांना फार प्रिय होता, आणि तो त्यांना कुणाला द्यायचा नव्हता.

त्यात भर म्हणून रोज सकाळी साडेदहाला धाकट्या जाऊबाईंचा, मोहिनीचा, फोन.

"अक्का, हात कितला वर जास आते?"

"जास थोडा थोडा."

"मंग चौरंग तुम्हीच लिशात ना? नही जमनार तर आतेच सांगी द्या. मंग मले काहीतरी देखनं पडी."

प्रमिलाबाई फोन ठेवायच्या आणि नवऱ्याला म्हणायच्या, "पाहिलं? हिचा चौरंगावर डोळा आहे. मी पडायची वाट बघतेय."

नवरा, सुपडूभाऊ, दीपनगरच्या वीज केंद्रात चौतीस वर्षं कंट्रोल रूममध्ये काढून निवृत्त झालेले. समोरचे काटे बघायचे, दर तासाला आकडा लिहायचा आणि काही बिघडलं की दुसऱ्या कुणाला तरी कळवायचं, हे त्यांचं आयुष्य. निवृत्तीनंतर लिहायला आकडाच उरला नव्हता. बायकोचा खांदा अडकल्याचं कळलं तेव्हा त्यांना वाईट वाटलंच, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी नवी वही आणली आणि तिच्यावर 'खांदा (डावा)' असं लिहिलं, तेव्हा चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी तरतरी होती. बायकोची वेणी घालायचं कामही त्यांच्याकडेच आलं होतं, कारण तिचा हात मागे पोचत नव्हता. भांग सरळ आला की नाही, हे ते पट्टी लावून बघायचे.

पुण्याहून मुलाने, पियुषने, मोबाईलवर एक माहितीपत्रक धाडलं. 'घरच्या घरी मसाज आणि फिजिओथेरपी : काय अपेक्षा ठेवाल?' सुपडूभाऊंनी ते छापून आणलं आणि लाल पेनाने अधोरेखित केलं. खोली शांत असावी. प्रकाश मंद असावा. कपडे सैल असावेत. मन प्रसन्न असावं. त्यांनी मधल्या खोलीतली ट्यूब काढून तिथे झीरोचा दिवा लावला, पडदे ओढले, दिवाण भिंतीपासून दोन हात पुढे घेतला. मग त्या मंद प्रकाशात त्यांची स्वतःचीच करंगळी दिवाणाच्या पायावर आपटली आणि टम्म सुजली. या प्रकल्पातला पहिला पेशंट सुपडूभाऊच ठरले. प्रसन्न मनाचा रकाना त्या दिवशी रिकामा राहिला.

मालिशीला आली तानुबाई. त्या भागातल्या तीन पिढ्यांच्या बाळंतिणींना आणि बाळांना हिनेच तेल लावलेलं. ती आल्याआल्या म्हणाली, "आंधारं का करी ठेवं? कोनी मरनं का काय?" आणि तिने पडदे सारले. पत्रकात थेरपिस्टशी मोकळेपणाने बोला असं लिहिलं होतं. इथे तानुबाईच इतकी मोकळेपणाने बोलली, की बाईंना बोलायची पाळीच आली नाही.

पण तिचा हात! कोमट तिळाचं तेल खांद्यावर उतरलं, तिचा रुंद तळवा मानेपासून कोपरापर्यंत एकदा गेला, दोनदा गेला, आणि प्रमिलाबाईंना आपण कुठे आहोत याचा विसर पडू लागला. खिडकीतून दुपारचा वारा आत येत होता. दूर कुठल्या तरी डाळ मिलची घरघर ऐकू येत होती. तानुबाईची बडबडही हळूहळू घरघर होऊन गेली. बाईंना वाटलं, आपला हात अंगापासून सुटलाय आणि आपला आपण वर चाललाय, छताच्या वर, गच्चीवरच्या टाक्यांच्या वर. तिथे कानबाई बसली होती, नथ सारखी करत. ती म्हणाली, "आलीस? ये, जरा टेक." त्या टेकल्या. बोलायचं पुष्कळ होतं, पण काही बोलावंसंच वाटेना. असा किती वेळ गेला कोण जाणे. डोळे उघडले तेव्हा उशीला तेल लागलं होतं आणि हात जिथल्या तिथे होता.

पंधरा दिवस हेच चाललं. झोप अशी लागायची, की प्रमिलाबाईंना लहानपणानंतर लागली नसेल. वजन दोन किलोने वाढलं. वहीत मात्र रोज तोच शेरा होता: 'झोप उत्तम. हात जैसे थे.'

मधेच सोसायटीचं पत्र आलं. फाटकावरच्या वहीत येणाऱ्याने कारण लिहायचं असतं, आणि तानुबाईच्या नावापुढे वॉचमनने रोज 'मालिश' असं लिहिलं होतं. 'आपल्या सदनिकेत मसाज केंद्र चालत असल्याचे निदर्शनास आले आहे, तरी तीन दिवसांत खुलासा करावा.' सुपडूभाऊंचा अपमानही झाला आणि त्यांना आनंदही झाला, कारण खुलासा लिहिण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. त्यांनी तीन पानं लिहिली. 'सदर खांदा हा अर्जदाराच्या पत्नीचा असून त्याचा कोणताही व्यापारी वापर होत नाही, व भविष्यातही तसा विचार नाही' हे वाक्य त्यांनी प्रमिलाबाईंना दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा त्या झोपल्या होत्या.

मग आली दिपमाला, फिजिओथेरपिस्ट. वय सव्वीस, पाठीवर मोठी बॅग, बोलणं गोड आणि हात लोखंडी. तिने यंत्राच्या चकत्या खांद्यावर चिकटवल्या. त्या घसरून दंडावर आल्या. पुन्हा चिकटवल्या, पुन्हा घसरल्या.

"काकू, तेल लावलंय का?"

"पंधरा दिवसांचं आहे," सुपडूभाऊंनी वही बघून माहिती दिली.

दिपमालाने साबणाने खांदा धुऊन घेतला, शेक दिला आणि मग हात धरून जो वर न्यायला सुरुवात केली, त्या वेळी प्रमिलाबाईंच्या तोंडून जे शब्द निघाले ते सुपडूभाऊंनी लग्नाच्या पस्तीस वर्षांत ऐकले नव्हते. ते वहीत लिहावेत की नाही, या पेचात ते पडले. दिपमाला शांतपणे म्हणाली, "काकू, दुखेल. पण दुखल्याशिवाय हा सुटणार नाही. आणि मालिश बंद नका करू. मालिशीने स्नायू सैल होतात, मग मी येते." त्यामुळे दुपारी तानुबाई बाईंना स्वर्गात नेऊन सोडायची आणि संध्याकाळी दिपमाला तिथून हाताला धरून खाली आणायची, असा क्रम लागला.

घरी करायचा व्यायाम सोपा होता. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, बोटांनी भिंत चढायची, बोट जिथे अडेल तिथे दहा आकडे थांबायचं आणि खूण करायची. रोज थोडं वर. पेन्सिल सापडेना म्हणून पहिल्या दिवशी प्रमिलाबाईंनी हाताशी होती ती कुंकवाची डबी घेतली आणि भिंतीवर ठिपका टेकवला. मग तीच रीत पडून गेली. आठवड्याभरात एकावर एक असे सात ठिपके झाले. हात खरोखर सुटत होता.

आठव्या दिवशी सकाळी समोरच्या मंदाबाई विरजण मागायला आल्या. बघतात तर प्रमिलाबाई न्हाऊन, ओल्या केसांनी, नुसत्या भिंतीसमोर उभ्या. हात वर, डोळे मिटलेले, ओठ हलताहेत. समोर कुंकवाची रांग वर चढत गेलेली. मंदाबाईंनी चपला दाराबाहेर जाऊन काढल्या.

"प्रमिलाताई," त्या कुजबुजल्या, "हे कोणासाठी?"

प्रमिलाबाई सहाव्या आकड्यावर होत्या आणि खांद्यात आग पडली होती. दातांतून त्यांनी खरं तेच सांगितलं, "कानबाईसाठी."

मंदाबाईंनी विरजणाची वाटी खाली ठेवली आणि शेजारी उभं राहून हात भिंतीवर टेकवला. दुसऱ्या दिवशी त्या फुलं घेऊन आल्या. तिसऱ्या दिवशी चौघीजणी आल्या. बोट पोचेल तिथे स्वतःचं कुंकू लावायचं आणि मनातलं मागायचं, असे नियमही तोवर ठरून गेले होते. ते कुणी ठरवले हे प्रमिलाबाईंना कळलं नाही. खुलासा करायला हवा हे त्यांना कळत होतं. पण पाच बायका शेजारी उभ्या राहून दहापर्यंत मोजत असल्या की दुखणं कमी व्हायचं. उदबत्तीचा वास, सकाळचा कोवळा उजेड, कुणाची तरी बांगडी हळूच वाजायची, आणि सगळ्यांचे हात एकदम वर. त्या उभ्याउभ्याच डुलक्या घ्यायच्या. उद्या सांगू, असं म्हणत म्हणत त्यांनी सांगितलंच नाही. सोसायटीचं दुसरं पत्र आलं, 'सामुदायिक धार्मिक कार्यक्रमास पूर्वपरवानगी घ्यावी', आणि सुपडूभाऊंनी नवीन शाईची बाटली आणली.

कानबाईच्या आधीच्या गुरुवारी तानुबाई कामासाठी बाहेरगावी जाणार होती म्हणून सकाळीच येऊन गेली. मालिश झाली, गुंगी उतरलीच नव्हती, आणि तशाच अवस्थेत प्रमिलाबाई भिंतीशी उभ्या राहिल्या. बायकांची गर्दी होती. डोळे मिटले. हात चालला. त्यांना वाटलं तो चाललाच आहे, कुठे अडत नाही, दुखत नाही, मागच्या स्वप्नात गेला होता तसाच वर, वर. कुणीतरी त्यांना धरून दिवाणावर बसवलं. जाग आली तेव्हा बायका गेल्या होत्या आणि भिंतीवर सगळ्या ठिपक्यांच्या वर, पार वर, एक ताजं ठसठशीत कुंकू होतं.

"अहो!"

सुपडूभाऊंनी टेप आणली, स्टूल आणलं, त्यावर चढून मोजलं. "सहा फूट सात इंच." त्यांनी वहीत लिहून दोनदा खाली रेघ मारली. चौतीस वर्षांत काटा जे दाखवेल ते लिहिण्यात त्यांनी कधी कसूर केली नव्हती. आजही केली नाही.

प्रमिलाबाईंनी त्या दिवशी पहिल्यांदाच आपणहून धुळ्याला फोन लावला. "मोहिनी, हात वर ग्या. चौरंग मीच लिसू. सगळासले सांगी दे."

पलीकडे मोहिनी कशीतरीच हसली, "बरं व्हयनं, अक्का," असं घोगऱ्या आवाजात म्हणाली, आणि फोन बंद झाला. पडलीच ना तोंडावर, असं म्हणत प्रमिलाबाईंनी स्वतःसाठी साखर घालून चहा केला.

संध्याकाळी दिपमालाने भिंत पाहिली, मग काकूंकडे पाहिलं, मग पुन्हा भिंत पाहिली.

"काकू, तुमची उंची किती?"

"चार फूट अकरा."

"मग खांदा धडधाकट असता तरी तुमचा हात तिथे पोचला नसता."

मंदाबाईंची सून कामिनी दारातच उभी होती. पाच फूट नऊ, कॉलेजात असताना व्हॉलीबॉल खेळलेली. ती लाजून म्हणाली, "ते माझं कुंकू आहे, काकू. यांची बदली जळगावला व्हावी म्हणून लावलं. उंच लावलं तर लवकर होईल असं वाटलं." दिपमालाने प्रमिलाबाईंचा हात धरून हलकेच वर नेला. तो कानाच्या पाळीशी आला आणि थांबला. आता थांबला तो थांबला. खुलासा लिहिण्यासाठी सुपडूभाऊंनी पेन उघडलं, पण तो कुणाला पाठवायचा हे त्यांना सुचेना. त्यांनी वहीतला आकडा मात्र खोडला, आणि खोडताना त्यांना बायकोकडे बघवेना.

"मोहिनीताईंना कळवायचं का?" त्यांनी विचारलं.

"मरण पत्करेन," प्रमिलाबाई म्हणाल्या.

शनिवारी दोघं एस.टी.ने निघाले. पारोळ्यापर्यंत प्रमिलाबाईंनी कुणाशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं, आणि पारोळ्यानंतर त्यांना झोप लागली. खिडकीबाहेर कपाशीची शेतं हिरवीगार होऊन मागे पळत होती. झोपेतही त्या हात वर न्यायचा प्रयत्न करत होत्या. हात हलका होता, अगदी हलका, आणि कानापाशी आला की कुणीतरी त्याला मऊपणे धरून ठेवत होतं. जाग आली तेव्हा सुपडूभाऊंनी त्यांचा हात आपल्या हातात घेऊन ठेवला होता. गचके बसतात म्हणून धरला, असं ते म्हणाले.

रविवार पुरणात, गाण्यांत आणि पाहुण्यांत गेला. प्रत्येकजण विचारत होता, हात बरा झाला म्हणे? प्रमिलाबाई हो म्हणत होत्या आणि दर हो नंतर डावा हात पदराखाली सरकवत होत्या. मोहिनी कामात गुंतलेली होती. ती जवळ आली की प्रमिलाबाई उजव्या हाताने काहीतरी करू लागायच्या.

सोमवारी सकाळी वाजंत्री आली. अंगणात भाऊबंद जमले. ज्ञानेश्वरने कानबाईचा चौरंग उचलून वहिनीच्या डोक्यावर ठेवला आणि हात जोडून मागे सरला. उजवा हात वर गेला, त्याने चौरंगाचा उजवा पाय धरला. डावा हात निघाला. छाती, हनुवटी, कानाची पाळी. तिथे थांबला. प्रमिलाबाईंनी ओठ चावला. डोळ्यांत पाणी आलं, ते भक्तीचं आहे असं समोरच्या बायकांना वाटलं. चौरंग डावीकडे किंचित कलला. आता सांगून टाकायचं, एकतीस वर्षं झाली, पुष्कळ झाली, असं त्यांनी मनाशी ठरवलं आणि तोंड उघडलं.

तेवढ्यात मागून एक हात आला. हिरव्या बांगड्यांचा, भरलेला. त्याने चौरंगाचा डावा पाय घट्ट धरला. पाठीशी कुणीतरी चिकटून उभं राहिलं, आणि प्रमिलाबाईंचा पदर ओढून त्या हाताच्या कोपरापर्यंत पांघरला गेला. समोरून बघणाऱ्याला एका बाईचे दोन हात दिसत होते.

"चाला, अक्का," मोहिनी कानाशी म्हणाली. "थांबू नका."

वाजंत्री सुरू झाली. दोघी एका पावलाने चालू लागल्या. गल्ली सरली, रस्ता लागला. पुढे बायका फुगड्या खेळत होत्या. चौरंग अगदी स्थिर होता.

"तुले कसं कळनं?" प्रमिलाबाईंनी ओठ न हलवता विचारलं.

"काल भाऊ तुमनी येनी घाली राहिंतात. मी दारमाईन देखं."

"मंग चौरंग मागी का नही लिना?"

"मी?" मोहिनीचा श्वास त्यांच्या मानेवर आला. "अक्का, मले भ्याव वाटस. महिना झाया, मले झोप नही. मना हातथीन पडी जाई आसं सपन पडस. म्हनीसनच रोज फोन करू ना मी, तुमना हात कितला वर ग्या ते इचाराले. तुम्ही सांगं ना, मीच लिसू, तवय मी फोन ठेईसन रडनू."

एवढे दिवस ज्या फोनवर प्रमिलाबाई मनातल्या मनात दात खात होत्या, त्या फोनच्या दुसऱ्या टोकाला ही घाबरून बसली होती. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि मग हसू आलं. ते आवरेना. चौरंगावरच्या कानबाईची नथ हलायला लागली, तशी मोहिनी घाबरून म्हणाली, "अक्का, हालू नका ना!" आणि तीही हसायला लागली. तशाच दोघी पांझरेच्या घाटापर्यंत गेल्या.

घाटावर ज्ञानेश्वरने चौरंग उतरवला. प्रमिलाबाईंनी पदर सावरायच्या आत नात्यातल्या इंदिराबाई, वय ऐंशी, काठी टेकत पुढे आल्या. त्या सबंध रस्ता बाजूने चालल्या होत्या आणि त्यांना दिसायचं ते बेताचंच दिसायचं.

"प्रमिला, मी देखं वं. तुना डावा हात कसा भरेल, तरना दिखी राहिंता. उजवापेक्षा दहा वरीसनी धाकला! कोन डाक्टरीण शे ती? मना गुडघा दुखस. तिना नंबर दे मले."

मोहिनी मान खाली घालून पदराशी चाळा करत होती. प्रमिलाबाईंनी आपला खरा डावा हात, जेवढा जात होता तेवढा, पुढे केला आणि तिच्या खांद्यावर टेकवला.

"नंबर कसाले, काकू?" त्या म्हणाल्या. "ती आठेच, धुयामा राहस."